जुन्या पीसीवर फुकट गेम आणि कामाची सॉफ्टवेअर कुठून घ्यायची? सगळे क्रॅकच टाकतात का?

तुझा प्रश्न असा की घरी सेकंडहँड पीसी आलाय, फोर्थ जनरेशन आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, तासगावकडचं गाव, बारावी नुकतीच झालीय आणि मित्र म्हणतोय ग्रुपवरून क्रॅक (म्हणजे विकतच्या गेमचं लॉक तोडलेली चोरीची कॉपी) उतरव, सगळे तेच करतात. मी सांगलीत विश्रामबागला पीसी रिपेअरिंग आणि असेंब्लीचं काम करतो, त्यामुळं हे रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, वाच शेवटपर्यंत.

आधी क्रॅकचं. मिरजेचा एक पोरगा सीपीयू घेऊन आला होता, तक्रार अशी की काही न करता फॅन फुल स्पीडला जातो आणि पीसी अडकतो. चालू करून ठेवला, डेस्कटॉप नुसता उघडा, एक पण प्रोग्रॅम नाही, तरी फॅनचा आवाज वाढत गेला. टास्क मॅनेजर उघडला की दोन सेकंदात सगळं शांत, लोड एकदम खाली. बंद केला की परत फॅन चालू. म्हणजे आत मायनर नावाचा प्रोग्रॅम बसलेला, दुसऱ्याच कुणासाठी बिटकॉइनसारखे डिजिटल कॉइन काढत होता, आणि टास्क मॅनेजर दिसला की स्वतःच थांबायचा. मग विंडोज सिक्युरिटीत जाऊन एक्सक्लुजनची लिस्ट उघडली तर तिथं अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, डिफेंडरला, सांगूनच ठेवलेलं की इथं काही बघायचं नाही. त्यानं टाकलेल्या गेमच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल होती, त्यात पहिलीच ओळ 'इन्स्टॉल करायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा'. शेवटी फॉरमॅट मारावा लागला, आणि ब्राउझरमध्ये सेव्ह असलेले सगळे पासवर्ड फोनवरून बदलायला लावले, कारण असल्या गोष्टी पासवर्ड आणि कुकीज (ब्राउझरनं लक्षात ठेवलेलं लॉगिन) पण उचलून नेतात. तू आत्ता अ‍ॅडमिशनचे फॉर्म त्याच पीसीवरून भरणार, वडिलांचं बँकेचं लॉगिन पण कधीतरी त्याच्यावरच होणार, हे डोक्यात ठेव. कुठलंही सॉफ्टवेअर अँटिव्हायरस बंद करायला सांगत असेल तर तिथंच थांबायचं आणि फाइल डिलीट मारायची. यात मी कुणालाच सूट देत नाही.

आता फुकट कुठं मिळतं. भावा, एवढं मिळतं की तुला खेळून संपणार नाही, फक्त कुठं बघायचं ते माहिती पाहिजे.

एपिक गेम्स स्टोअरवर अकाउंट काढ. २०१८ च्या डिसेंबरपासून हे स्टोअर आहे आणि दर गुरुवारी तिथं एखादा तरी गेम फुकट मिळतो, आपल्याकडं उन्हाळ्यात रात्री साडेआठला आणि थंडीत साडेनऊला बदलतो कारण अमेरिकेतलं घड्याळ पुढं-मागं होतं. एकदा क्लेम केला, म्हणजे बटण दाबून स्वतःच्या नावावर घेतला, की तो तुझ्या अकाउंटला कायमचा. २०२० च्या मे महिन्यात जीटीए फाइव्ह असाच फुकट दिला होता, गर्दीनं साइट झोपली होती तेव्हा. आणि हे लक्षात घे, क्लेम करायला डाउनलोड करावं लागत नाही, मोबाइलच्या ब्राउझरमधून पण होतं. आज तुझ्या पीसीला झेपत नसलेला गेम सुद्धा क्लेम करून ठेव, उद्या ग्राफिक कार्ड आलं की लायब्ररी तयार असेल.

स्टीम हे दुसरं मोठं गेम स्टोअर, तिथं 'फुकट' हा प्रकार तीन तऱ्हेचा असतो आणि पोरं त्यात गोंधळतात. फ्री टू प्ले म्हणजे कायम फुकट, आत कपडे-बिपडे विकत. १०० टक्के डिस्काउंट म्हणजे मुदतीत घेतलास तर कायमचा तुझा. आणि फ्री वीकेंड म्हणजे शनिवार-रविवार खेळा आणि सोमवारी गेम लॉक. पेजवर नीट वाचत जा, नाहीतर सगळा डेटा घालवून गेम उतरवशील आणि दोन दिवसात तो बंद. नवीन अकाउंटवरून ५ डॉलर खर्च होईपर्यंत फ्रेंड रिक्वेस्ट पाठवता येत नाही, तेव्हा तसं झालं तर अकाउंट बिघडलं असं समजू नको. आणि ओळखीचं असो नसो, 'माझ्या टीमला व्होट कर' म्हणून कुणी लिंक पाठवली तर तिथं स्टीमचा पासवर्ड टाकायचा नाही, अकाउंट जातं. स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिनला मोबाइलवरून खात्री करून घेणारी सोय, पहिल्या दिवशीच मोबाइलवर चालू कर.

तुझ्या मशीनवर काउंटर स्ट्राइक टू च्या नादाला लागू नकोस, ८५ जीबी जागा मागतो आणि ग्राफिक कार्डाशिवाय मजा नाही. टीम फोर्ट्रेस टू २०११ पासून फुकट आहे, सेटिंग कमी करून चालेल. व्हॅलोरंट पण लो सेटिंगला चालतो, पण हॉटस्पॉटवर तो उतरवणं म्हणजे महिन्याचा डेटा गेला.

म्हणूनच तुझ्यासाठी मला खरं तर सांगायचेत ते ओपन सोर्स गेम, ज्यांच्याबद्दल आपल्याकडं कुणी बोलतच नाही. लोकांनी मिळून बनवलेले, पूर्ण फुकट, जाहिरात नाही, आत काही विकत नाही, साइज लहान, आणि जुन्या पीसीवर चालतात. झिरो ए.डी. घे, जुन्या काळातल्या राज्यांचा स्ट्रॅटेजी गेम आहे, त्यात मौर्य साम्राज्य आहे, हत्ती घेऊन रोमनांच्या गावात घुसता येतं, मला स्वतःला हा इतका आवडतो की दुकानातल्या डेमो पीसीवर कायम टाकलेला असतो. ओपनटीटीडी हा १९९५ च्या ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्सवरून बनवलेला, रेल्वे-बस-जहाजांचं जाळं उभं करायचं, जेमतेम काही एमबीचा गेम पण रात्र कधी संपली कळत नाही, आणि त्याला स्वतःची फुकट ग्राफिक्स आहेत त्यामुळं मूळ गेमची सीडी लागत नाही. सुपरटक्सकार्टमध्ये एकाच स्क्रीनवर भावंडं मिळून गाड्या पळवू शकता, एक कीबोर्डवर, दुसरा गेमपॅडवर, सुट्टीला मामाची पोरं आली की हाच लावायचा. वेस्नोथ पण बघ, पटावरच्या लढाईचा, सावकाश विचार करून खेळायचा. रेड अलर्ट आठवतो का कुणाला घरात, मोठ्या भावाला विचार, तो ईए या गेम कंपनीनं २००८ मध्ये स्वतःच फुकट केलाय आणि ओपनआरए नावाच्या प्रोजेक्टमधून आजच्या विंडोजवर नीट चालतो. झिरो ए.डी. आणि ओपनटीटीडी तर नेट नसताना दोन पीसी लॅन केबलनं जोडून पण खेळता येतात, हे तुमच्याकडं रेंजची बोंब असेल तेव्हा फार कामाचं.

जीओजी नावाचं स्टोअर पण आहे, तिथं टायरियन २००० आणि बिनीथ अ स्टील स्काय असे जुने गेम फुकट मिळतात आणि इन्स्टॉलर फाइल तुझ्या हातात येते, पेनड्राइव्हवर ठेवून दुसऱ्या पीसीवर टाकायला परत नेट लागत नाही. इच डॉट आयओवर नवीन पोरांनी बनवलेले छोटे गेम आहेत, त्यात चांगलं-वाईट सगळंच आहे, वेळ असेल तर चाळ.

दुकानात लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात, 'व्हाइस सिटी टाकून द्या की'. तो जीटीएचा गेम २००२ चा आहे, जुना झाला, म्हणून तो फुकट होत नाही. मालकानं स्वतः फुकट केला असेल तरच फुकट.

सॉफ्टवेअर फार लागत नाहीत. झिप फाइलींसाठी सेव्हन-झिप, व्हिडिओला व्हीएलसी, खेळ रेकॉर्ड करायचा तर ओबीएस स्टुडिओ, तिन्ही पूर्ण फुकट. टेम्परेचर बघायला एचडब्ल्यूइन्फो टाक, सेकंडहँड पीसीत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावलेली) वाळलेली असते, गेम चालू असताना ९० डिग्रीच्या वर जात असेल तर आधी पेस्ट आणि धूळ, मग गेम. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून हार्डडिस्कची तब्येत बघून घे, 'कॉशन' दाखवत असेल तर फोटो-डॉक्युमेंट आजच दुसरीकडं काढ. गेमच्या सेव्ह फाइलींचा बॅकअप घ्यायला लुडुसावी आहे, फॉरमॅट मारायची वेळ आली तर सगळी प्रगती वाचते. ड्रायव्हर अपडेट करून देणारी, रॅम साफ करणारी, गेम बूस्ट करणारी सॉफ्टवेअर टाकू नकोस, ग्राफिक्सचा ड्रायव्हर इंटेलच्या साइटवरून घ्यायचा, बास.

हे सगळं उतरवताना गुगलवर पहिली येणारी लिंक बरेचदा जाहिरात असते, तिच्यावर क्लिक करू नको. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या फुकट टूलच्या हुबेहूब खोट्या साइट निघाल्या होत्या, आत तोच मायनर. पत्ता नीट वाच, आणि शंका आली तर फाइल व्हायरसटोटलवर टाकून बघ, ६५० एमबीपर्यंतची फाइल घेतं आणि खूप सारे अँटिव्हायरस एकदम तपासतात.

विंडोज टेनचे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत आणि तुझा प्रोसेसर विंडोज इलेव्हनच्या यादीत नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जाऊन एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदव, ऑक्टोबर २०२६ पर्यंत सोय होते.

डेटाचं म्हणशील तर स्टीममध्ये लोकल नेटवर्क ट्रान्सफर आहे. मित्राच्या पीसीवर गेम आहे आणि दोन्ही पीसी एकाच राउटरवर आहेत तर गेम त्याच्याकडून येतो, तुझा डेटा जवळपास लागत नाही, त्याच्याकडं फक्त सेटिंगमध्ये ते चालू पाहिजे. आणि अपडेट चालू असताना लाईट गेली, गेम उघडेना, तर अनइन्स्टॉल मारू नकोस. लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथं व्हेरिफाय. जेवढ्या फाइली बिघडल्यात तेवढ्याच परत उतरतात.

एक शेवटचं, यात थोडे पैसे जातील पण फरक सगळ्यात जास्त पडेल. सीपीयू-झेड फुकट आहे, ते उघड आणि मेमरीच्या टॅबमध्ये चॅनेल्ससमोर एक दिसतंय का दोन ते बघ. ग्राफिक कार्ड नसलं की गेमची चित्रं पण रॅमच सांभाळते, त्यामुळं ८ जीबीची एकच पट्टी असेल तर अर्धाच रस्ता वापरात असतो. तेवढ्याच क्षमतेची आणि स्पीडची दुसरी डीडीआर थ्री (तुझ्या पीसीला लागणारा रॅमचा प्रकार) पट्टी लावली की त्याच गेमला एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, चांगले वाढतात, आणि जुन्या बाजारात डीडीआर थ्री सहज मिळते. आधी मदरबोर्डला दुसरा स्लॉट मोकळा आहे का बघ, आणि त्या टॅबचा फोटो इथं टाक, कुठली पट्टी घ्यायची ते सांगतो.