अख्खं घ्या, दळलेलं नको : मे महिन्यातल्या नागपूरच्या बाजाराबद्दल

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून मे महिन्यात माहेरी येताय, सात वर्षांच्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं तो आजार), सासूबाईंना मधुमेह, सासऱ्यांना किडनीचं पथ्य. आणि तरीही सगळ्यांना घेऊन आठवडी बाजारात जायचंय. बऱ्याच जणांनी तुम्हाला 'घरीच थांबा' असं सांगितलंय. मी म्हणेन जा. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे हे कळून नऊ वर्षं झाली, आणि नागपुरात हॉटेलपेक्षा बाजारच तिला जास्त सोयीचा पडतो.

आधी वेळ. सकाळी सहाला घराबाहेर, साडेआठला परत. यात सूट नाही. माहेर इथलंच असल्यामुळे ऊन तुम्हाला सांगायला नको, पण सासरच्यांना सांगून ठेवा की इथे 23 मे 2013 रोजी 47.9 अंश नोंदलं गेलंय आणि 44-45 ला आम्ही 'आज जरा बरं आहे' म्हणतो. संध्याकाळचा बाजार रंगतो खरा, पण तेव्हा डांबरातून वाफा येत असतात आणि भाजीही दिवसभर उन्हात बसलेली असते.

कुठे जायचं? कळमना नको. ती बाजार समिती, ट्रक आणि हमालांची जागा, तिथे लहान मूल आणि म्हातारी माणसं घेऊन फिरता येत नाही. कॉटन मार्केट पहाटे बघण्यासारखं असतं, पण तिथेही ठोक व्यवहार आणि धक्काबुक्की. गोकुळपेठेचा बाजार आटोपशीर आहे. नाहीतर माहेरच्या भागात ज्या वारी बाजार भरतो तोच गाठा. आपल्या शहराने वारांवरून वस्त्याच वसवल्यात: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. सासूबाईंना ही गंमत आवडेल. त्यांना हेही सांगून ठेवा की इथे 'सांबार' मागितला की कोथिंबिरीची जुडी हातात पडते, 'भेदरं' म्हणजे टोमॅटो आणि 'फल्ली' म्हणजे शेंगदाणे. कुणाला शेंगदाण्याचा त्रास असेल तर फल्लीतेल हा शब्द कानात असलेला बरा.

आता मुलाचं. माझा नियम एकच: अख्खी वस्तू घ्यायची, दळलेली, तळलेली, कालवलेली घ्यायची नाही. भाजी, फळं, अख्खी ज्वारी, तांदूळ, आख्खे मसाले, गुळाची ढेप, यात भीती जवळजवळ नाही. धान्य तेवढं घरी निवडून, धुऊन घ्या, कारण पोत्यात गव्हाचा दाणा सापडतोच. धोका सुरू होतो तो माणसाचा हात, गिरणीचा दगड आणि कढई मध्ये आली की.

हे मी शिकले ते सातूमुळे. मुलगी पाच वर्षांची होती. बाजारात एक मावशी घरचं सातूचं पीठ घेऊन बसली होती. मी विचारलं, "मावशी, यात गहू नाही ना?" ती म्हणाली, "नाही जी, निव्वळ सातूच आहे." मी डोक्यात बिहारी सत्तू धरून बसले होते, तो नुसत्या भाजलेल्या चण्याचा असतो. आपला वऱ्हाडी सातू म्हणजे गहू आणि डाळवं भाजून दळलेलं पीठ, हे मला, इथेच जन्मलेल्या बाईला, त्या क्षणी आठवलं नाही. मावशी खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी गहू म्हणजे पोळीचा गहू, आणि हे सातू. पुढचे चार दिवस घरात काय झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हापासून 'यात गहू आहे का' हा प्रश्नच मी बंद केला. 'यात काय काय टाकलं, आणि कुठे दळलं?' असं विचारते, आणि समोरची बाई सुरुवातीपासून सांगेपर्यंत मध्ये बोलत नाही.

मे महिना वाळवणाचा. बाजारात कुरडया, सरगुंडे, शेवया, पापड यांचे ढीग दिसतील आणि मुलाचा हात तिकडेच जाईल. कुरडई साधारणपणे गव्हाच्या चिकाची, सरगुंडे आणि शेवया गव्हाच्या. ज्वारीचे, तांदळाचे, साबुदाण्याचे पापड आणि मुगाच्या वड्या मूळात चालतील अशा, पण त्याच गच्चीवर, त्याच खाटेवर, त्याच धोतरावर वाळलेल्या असतात. मी विकतचं वाळवण घेत नाही. साबुदाणा आणि बटाटे घेऊन घरीच पळीपापड घालते. नागपूरच्या उन्हात ते एका दिवसात कडकडीत होतात, या उन्हाचा तेवढा तरी उपयोग.

सांबारवडी बेसनाची असते असं लोक सांगतील. वरच्या पारीत मैदा किंवा कणीक बहुतेकदा असतेच. भजी शुद्ध बेसनाची असली तरी त्याच कढईत आधी समोसा तळलेला असतो. तर्री-पोहे पाहून तोंडाला पाणी सुटतं, पण तर्रीत हिंग पडतो, आणि दुकानात मिळणाऱ्या बांधलेल्या हिंगात डिंकाबरोबर गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं. कोणतं, ते डबीवर वाचल्याशिवाय कळत नाही, आणि टपरीवर डबी कोण दाखवणार? ज्वारीचं तयार पीठही नको. गिरणीत तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, आणि दगडात अडकलेलं ते पीठ तुमच्या डब्यात येतं. 'ग्लूटेनमुक्त' लिहायला कायद्याने किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लूटेनचीच मुभा आहे. म्हणजे किती कमी, हे त्यावरून समजा.

आणि एक युक्ती, जी मला डॉक्टरांनी नाही, माझ्या आजेसासूबाईंनी दिली. बाजारात 'सिलिअ‍ॅक' कुणाला कळत नाही. 'गव्हाची अ‍ॅलर्जी' म्हटलं की उत्तर येतं, "थोडंसंक खाल्लं तं काय होते जी!" पण "पोराला उपास आहे" म्हणा. विकणारी बाई हात धुते, वेगळा चमचा काढते, वेगळ्या डब्यातलं देते. आपल्याकडे उपासाची शिस्त आजारापेक्षा कडक पाळतात. साबुदाणा, भगर, शिंगाड्याचं पीठ, राजगिरा, ही सगळी यादी गव्हाला बाहेर ठेवते. फक्त दोन ठिकाणी हा मंत्र फसतो: उपासाचा वडा समोश्याच्या कढईत तळलेला असला तर, आणि पीठ सुटं असलं तर. मुलाला मात्र खरं कारण माहीत असू द्या. माझी मुलगी एकदा भर बाजारात ओरडून म्हणाली होती, "आई, मला कुठे उपास आहे, मला तर सिलिअ‍ॅक आहे!"

घरून त्याचं पोट भरून न्या. रिकाम्या पोटी आणलेलं मूल आणि समोर जिलबीची कढई, यात हार तुमचीच. तिथे त्याला द्यायला काकडी, अख्खं टरबूज (कापलेलं नाही), आणि आग्रहच असेल तर ग्लासातला उसाचा रस, बिनबर्फाचा. कुल्फीचा कोन गव्हाचा असतो, आणि काही कुल्फ्यांमध्ये दाटपणासाठी ब्रेडचा चुराही घालतात. कुल्फी घरीच लावा.

सासऱ्यांबद्दल एक गोष्ट ठळकपणे. उन्हात कुणीतरी प्रेमाने शहाळं पुढे करेलच. नारळपाण्यात 100 मिलिलीटरमागे सुमारे 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे एका मोठ्या शहाळ्यात हजाराच्या आसपास. किडनीच्या रुग्णाला ते भलतंच महाग पडू शकतं. केळी आणि आंब्याचंही तसंच. पाणी मोजून प्यायचं बंधन असेल तर या उन्हात किती प्यायचं, हे निघण्याआधी पुण्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या, इथे आल्यावर नाही. मी त्यांच्या जागी असते तर घरी कूलरसमोर बसून भाजी निवडायचं काम मागून घेतलं असतं.

सासूबाईंना रस आणि गूळ नको हे त्यांना माहीत असेलच. इन्शुलिन घेत असतील तर ते गाडीत ठेवू नका, इथे बंद गाडीत ते खराब होतं. ओल्या रुमालात गुंडाळून थर्मासमध्ये, आणि रक्तातली साखर कमी झाली तर लगेच खायला पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर. चालताना घाम येतो, साखर उतरते, आणि चक्कर आली की सगळे ऊन लागलं म्हणून मोकळे होतात.

संत्री मागू नका. इथे संत्र्याचे हंगाम दोन: आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडी येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये; मे महिन्यात जे 'नागपुरी संत्रं' म्हणून देतील ते शीतगृहातलं किंवा भलत्याच गावचं. त्याऐवजी गावरान आंबे, लोणच्याच्या कैऱ्या, अंबाडी घ्या. आंबा बाहेरून एकसारखा पिवळाधमक आणि देठाशी कडक असेल, वासही नसेल, तर सोडून द्या. कार्बाईडने पिकवायला बंदी आहे, पण पिकवतात.

येताना वार कळवा. माझ्याकडे घरघंटी आहे आणि तिच्यात नऊ वर्षांत गहू पडलेला नाही. दोन किलो ज्वारी बाजारातून आणा, आदल्या रात्री निवडून-धुऊन पंख्याखाली वाळत घाला, दळून मी देते.