इंग्रजीत पैशाला 'डो' म्हणतात, ते रूपक की वाक्प्रचार?

तुम्ही विचारलंय की 'कॅश काऊ', 'ब्रिंग होम द बेकन', 'डो', 'ग्रीनबॅक' यांत रूपक कुठलं आणि वाक्प्रचार कुठला. मी भाषांतरं करते, त्यामुळे हा घोळ माझ्या रोजच्या ताटातला.

मी आधी शब्दाशी थोडी खोडी काढून बघते. सतत पैसा देत राहणाऱ्या धंद्याला 'कॅश काऊ' म्हटलं, की ती गाय पिळता येते, आटते, एक दिवस भाकडही होते. हे सगळं न समजावता कळतं. चित्र जिवंत आहे, म्हणजे रूपक. 'ब्रिंग होम द बेकन', शब्दशः घरी बेकन म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस आणणं, याचा अर्थ घर चालवण्यापुरतं कमावणं. तिथे बेकनऐवजी सॉसेज घाला, इंग्रजाला वाटेल तुम्ही बाजारहाटाबद्दल बोलताय. महागड्या वस्तूची किंमत 'अ‍ॅन आर्म अँड अ लेग' असते. आधी पाय आणि मग हात म्हणून बघा, कानाला लगेच खटकेल. शब्द गोठलेत, अर्थ अख्ख्या तुकड्याला चिकटलाय. हा वाक्प्रचार. आपण तरी डोळ्यांत धुळीऐवजी माती कुठे फेकतो?

बरेचसे वाक्प्रचार मुळात रूपकंच असतात, झिजलेली. म्हणून काठावर वाद होणारच. 'डो' म्हणजे मळलेली कणीक. पण पैसे मोजताना आज कुणाला परात दिसत नाही. एकच शब्द आहे, म्हणून मी त्याला वाक्प्रचार म्हणणार नाही. मुरलेलं रूपक म्हणेन.

खरी गंमत 'ग्रीनबॅक'ची. तो या दोन्हींत बसत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१पासून, सरकारने काढलेल्या नोटांची पाठ हिरव्या शाईत छापलेली होती, त्यावरून हे नाव पडलं. इथे तुलना कशाशीच नाही. नोटेचाच एक भाग नोटेचं नाव झाला. १०० डॉलरच्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिन, म्हणून ती 'बेंजामिन'. आपल्या व्याकरणात ही लक्षणा, म्हणजे एका गोष्टीचं नाव तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीला देणं. मुंबईत लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात, तोच प्रकार. लंडनच्या कॉकनी बोलीत तर 'ब्रेड अँड हनी' म्हणजे मनी, निव्वळ यमक जुळतं म्हणून! तिथे चित्र शोधत बसू नका.

भाषांतरात 'कॅश काऊ'ची मी बेधडक दुभती गाय करते. बेकन मात्र सुरुवातीच्या काळात एकदा जसाच्या तसा उतरवला होता. संपादकांनी समासात लिहिलं, 'पण हे कुटुंब शाकाहारी आहे ना?'