आधी भेगेत तुराटी, मग इसार

प्रश्न: भाऊ, आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. गावाला लागूनच शेतातला तीन गुंठ्याचा तुकडा भेटून राहिला, भाव बरा आहे, पण मालक म्हणतो आत्ता स्टॅम्पवर नोटरी करू, खरेदीचं नंतर पाहू. दोन खोल्या, किचन अन् पुढे ओसरी एवढंच बांधायचं आहे. घ्यावा का? अन् पाया किती खोल घ्यावा?

उत्तर: नोटरीवर घेऊ नका. नोटरीनं जागा नावावर होत नाही, रजिस्टर खरेदीखतच लागते. सातबारा काढा, भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विकण्यावर सरकारी अट असलेली जमीन, असंल तर परवानगीशिवाय व्यवहार करू नका, इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का तेही पाहा, अन् तीन गुंठे तुकडेबंदीत, म्हणजे लहान तुकडे विकायला अडवणाऱ्या कायद्यात, अडकते का ते तहसीलमध्ये विचारून घ्या.

पण खरं सांगू का, मले कागदापेक्षा तुमच्या मातीची जास्त भीती वाटते. तुमचा भाग खारपाणपट्ट्याचा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं, काळी माती खोलच खोल. आता उन्हाळा आहे तर जागेवर जा अन् भेगेत एक तुराटी घालून पाहा, हातभर आरामात गेली तर समजून जा की हीच माती पावसाळ्यात फुगून घर वर उचलणार अन् उन्हाळ्यात खाली सोडणार. माझ्या स्वतःच्या घरी मिस्त्रीनं तीन फुटावर साधा पाया घेतला, मीही तेव्हा काही बोललो नाही, दुसऱ्याच वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेली अन् मागचं दार आजही पावसाळ्यात फसते, उन्हाळ्यात आपोआप मोकळं होते.

म्हणून आधी प्लॉटवर एक खड्डा खोदा. मुरूम लवकर लागला तर तुमचं नशीब, पाया त्यावरच टेका. नाही लागला तर इंजिनिअरला अंडर रीम पाइलचं विचारा, म्हणजे साधारण साडेतीन मीटर खोल गोल भोक, खाली फुगीर, त्यात सळाख अन् काँक्रीट, अन् वरचा बीम मातीला न टेकवता खाली 80 मिमी पोकळी. खर्च वाढंल, पण ओसरी एखाद्या वर्षानं बांधली तरी चालते. बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये घालू नका, सळाख गंजते, टँकर बोलवा.

अन् त्या तुकड्यावर पाणी किती साचते ते जोराच्या पावसानंतर पाहून या. मालकाला म्हणा पोळा होऊ द्या, मग इसार देतो.