आईच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे. नुसत्या गोळ्यांनी बरी होईल का?

नाही. गोळ्यांनी फुप्फुसातलं पाणी कमी होतं, ठोके आटोक्यात राहतात, पण आखडलेली झडप उघडत नाही.

आपल्याकडे मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, अरुंद होण्याचं मुख्य कारण म्हणजे लहानपणचा संधिवाताचा ताप. घसा दुखतो, मग सांधे सुजतात, ताप उतरतो आणि घरचे विसरून जातात. झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत राहते. जिना चढताना धाप, आडवं झोपलं की गुदमरणं, छातीत धडधड, पायांवर सूज, ही लक्षणं पुष्कळदा तिशी-चाळिशीत दिसतात. बाईमाणसाची धाप 'अशक्तपणा' म्हणून टॉनिकवर भागवली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, तेव्हा हाच आजार एकदम उसळतो.

टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. झडप लवचिक असेल, फार गळत नसेल, आत गुठळी नसेल, तर मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करता येते. छाती उघडावी लागत नाही. नाहीतर झडप बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली भारतीय धातूची झडप १९९० पासून वापरात आहे. धातूची झडप बसवली की रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर, आणि आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते पाहणारी रक्ततपासणी, नियमित. पालेभाजी बंद करायची गरज नाही, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेबद्दल आवर्जून सांगा.

संधिवाताचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टरांनी पेनिसिलिनचं दर २१ दिवसांचं इंजेक्शन दिलं असेल, तर ते चुकवू नका.