कोल्हापूरहून व्हेल मोजायच्या विमानात नोकरी मिळते का? आणि हंगामी नोकरीसाठी एवढा खटाटोप करावा का?

मिळते. मी केली आहे. करवीर तालुक्यातला माणूस, बी.एस्सी. झूलॉजी इथलीच, एम.एस. अमेरिकेत. त्यानंतर काही हिवाळे फ्लोरिडा-जॉर्जियाच्या किनाऱ्यावर नॉर्थ अटलांटिक राइट व्हेलच्या हवाई सर्वेक्षणात निरीक्षक होतो. पगाराचं म्हणाल तर भागतं, साठत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'शेवटी हंगामीच ना?' ते वाचलं आणि आमचे आप्पा आठवले.

माझ्या लग्नाच्या बोलणीला पाहुणे आले होते. साखरपट्ट्यात पोराचं नाव विचारायच्या आधी विचारतात, 'कायम का हंगामी?' मी तोंड उघडायच्या आत आप्पा, म्हणजे माझे चुलते, बोलून मोकळे: 'हंगामीच हाय. इमानात बसून मासं मोजतोय.' सगळी बैठक हसली. पाहुण्यांनी पोह्याच्या बशा खाली ठेवल्या आणि विषय पावसावर गेला. स्थळ तिथंच मोडलं. गंमत अशी की आप्पा स्वतः सगळी हयात साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे साखर शिजवणारे, आणि तेही हंगामीच. बॉयलर पेटला की हजर, हंगाम संपून पट्टा पडला की घरी.

आता हे काम हंगामी का, ते ऐका. राइट व्हेलच्या गाभण माद्या न्यू इंग्लंड आणि कॅनडाकडचं थंड पाणी सोडून हिवाळ्यात खाली जॉर्जिया-फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात वितात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पिल्लं घेऊन परत वर जातात. म्हणजे इकडे उसाचं गळीत सुरू झालं की थोड्याच दिवसांत तिकडे आमची विमानं उडायला लागतात. जातीत उरलेत जेमतेम पावणेचारशेच्या आसपास जीव, त्यात विणाऱ्या माद्या सत्तरेक. २०१७ मध्ये १७ मेलेले सापडले आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात एकही पिल्लू दिसलं नाही. मारतंय कोण? जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर. उन्हाळ्यात तिथं विमान फिरवलं तर नुसतं पेट्रोल जळेल, कारण मादीच नसते.

काम कसं असतं ते व्हेलच्या व्हिडिओत दिसत नाही. सकाळी आधी वारा बघायचा. समुद्रावर पांढऱ्या लाटा फुटायला लागल्या की उड्डाण रद्द, कारण त्या गर्दीत व्हेल सापडत नाही. दोन इंजिनांचं छोटं विमान, उंची हजार फूट, वेग साधारण शंभर नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर). किनाऱ्याला काटकोनात समुद्रात जायचं, थोडं सरकून परत यायचं, दिवसभर तेच. अंगात पाण्यात वाचवणारा जाड सूट, त्यात घाम. आत संडास नाही, त्यामुळे सकाळचा चहा विसरायचा.

एका दुपारी मला डाव्या खिडकीतून इंग्रजी 'व्ही'सारखा फवारा दिसला. काळी पाठ, पाठीवर पर म्हणजे फिन नाही, आणि तिच्या बगलेला चिकटून एक फिकट छोटा आकार. रेघ सोडून आम्ही वर घिरट्या घ्यायला लागलो. खिडकी उघडून लांब लेन्सनं डोक्याचे फोटो काढायचे असतात. तिच्या डोक्यावर खरखरीत कातडीचे चट्टे असतात, त्यांवर व्हेलच्या उवा बसलेल्या असतात म्हणून ते पांढरट दिसतात. प्रत्येकीची नक्षी वेगळी, त्यावरून ती कोण ते ओळखतात. बोस्टनच्या न्यू इंग्लंड अक्वेरियमकडे सगळ्यांची फोटोवही आहे. तेवढ्यात आमच्या वैमानिकानं उत्तरेकडे बोट दाखवलं. कंटेनरचं एक मोठं जहाज थेट त्या दोघींच्या रोखानं येत होतं. ६५ फूट किंवा त्याहून मोठ्या जहाजांना तिथं हंगामात दहा नॉटची मर्यादा आहे, पण समोर काय आहे हे माहीत नसेल तर दहा नॉटसुद्धा पुरतात. रेडिओवर जागा कळवली. बराच वेळ काही झालं नाही. मग जहाजामागचा सरळ पांढरा पट्टा हळूहळू वाकायला लागला. मागच्या सीटवरची सहकारी सुटाच्या बाहीनं डोळे पुसत आकडे लिहीत होती.

गावात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, 'व्हेलची उलटी घावती का?' नाही बाबांनो. ती, म्हणजे अत्तराला लागणारा अंबरग्रीस, स्पर्म व्हेलची, आणि तिचा धंदा आपल्याकडे गुन्हा आहे. त्यापायी या भागातली माणसं आत गेलीत.

तर आप्पांना जे सांगायचं राहिलं ते तुम्हाला सांगतो. पॅनवर साखर शिजताना आप्पा काचेच्या तुकड्यावर नमुना घेऊन उजेडाला धरायचे आणि दाणा बसला की नाही ते सांगायचे. ती नजर कायम नोकरीत बसलेल्या साहेबाला नव्हती, तरी त्याच्यापुढं मान खाली घालून उभे राहायचे ते आप्पाच. माझं कामही नजरेचंच. काम थोडे महिने चालतं म्हणून ते अर्धवट होत नाही. ऊस बारा महिने पिकला असता तर आप्पा कायम झाले असते, एवढाच फरक. आणि आप्पा, तुम्हाला घरी बसल्यावर कारखाना रिटेन्शन, म्हणजे बिनहंगामी भत्ता, तरी द्यायचा. मला तेही नव्हतं, तरी मी कुणाच्या बैठकीत तुमचं हंगामीपण काढलं नाही.

हां, तुमच्या कामाचं राहिलंच. विद्यार्थी व्हिसावर शिकलात तर पदवीनंतर वर्षभर आणि विज्ञान शाखेला आणखी दोन वर्षं तिथं काम करता येतं. त्यापुढं कुणीतरी व्हिसा काढून द्यायला हवा, आणि हंगामी माणसासाठी ते क्वचितच कुणी करतं. सरकारी जागा बहुतेक नागरिकांनाच. माझी गाडी तिथंच अडली. विमान समुद्रात पडलं तर सुटता यावं म्हणून पाण्यात उलट्या फिरवलेल्या पिंजऱ्यातून पट्टा सोडून बाहेर यायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. रंकाळ्याच्या काठावर बसून पाय भिजवलेत एवढ्यावर भागत नाही, पोहता आलंच पाहिजे. गाडीत मळमळत असेल तर विसरा. धोकाही खरा आहे: जानेवारी २००३ मध्ये फ्लोरिडात अमेलिया बेटाजवळ याच कामातलं एक विमान समुद्रात कोसळलं आणि आतले चौघेही गेले. माझ्या आईला हे मी परत आल्यावर सांगितलं.

विमानाचाच हट्ट नसेल तर घाट उतरून सिंधुदुर्गात जा. तिथल्या समुद्रात ब्रायडीज व्हेल आणि निळ्या व्हेलच्या नोंदी झाल्यात, मालवणकडं डॉल्फिन आहेत, आणि होडीतून मोजायला हात कमीच पडतात. तेही काम पावसाळ्यात बंद असतं, हे घरी आधीच सांगून ठेवा.