लाईक पडतात, पण वेबसाइटवर कोणी येत नाही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा बचत गट वायगाव हळदीची पावडर बनवते. पुतण्यानं वेबसाइट बनवून दिली, मी फेसबुक अन् इन्स्टाग्रामवर रोज काही ना काही टाकून राहिली, 'खूप छान ताई' अशा कमेंटही येतात, पण वेबसाइटवर कोणी येऊनच नाही राहिलं. ऑर्डर येते ते ओळखीतल्यांचीच, अन् तेही फोनवर. आमचं काय चुकून राहिलं?
– एक भगिनी, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली तुम्ही वेबसाइटचा पत्ता लिहीत असाल तर तो एकदा दुसऱ्याच्या फोनवरून दाबून पाहा. तो दाबल्याच जात नाही. तिथं कॅप्शनमधली लिंक म्हणजे नुसती अक्षरं असतात, अन् कोणी ती पाठ करून ब्राउझरमध्ये टाईप करत बसत नाही. लिंक चालते बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर तुमची ओळख असते तिथं, अन् तिथं २०२३ पासून पाच लिंका लावता येतात, अन् स्टोरीवर लिंकचा स्टिकर लावला तर चालते. स्टोरी २४ तासात निघून जाते म्हणून तिला हायलाइटमध्ये ठेवा. यूट्यूब शॉर्ट्सचंही तेच, ऑगस्ट २०२३ पासून तिथल्या डिस्क्रिप्शन अन् कमेंटमधल्या लिंका बंद आहेत. फेसबुकच्या पोस्टमध्ये अन् व्हॉट्सॲपवर चालतात. म्हणजे मेहनत तुम्ही बरोबर करून राहिल्या, पण यायला रस्ताच नाही.

आता दुसरी गोष्ट, अन् माझ्या मते हीच मोठी. सणाच्या शुभेच्छा अन् पाकिटाचा फोटो पाहून माणूस लाईक करतो अन् पुढं सरकतो, त्याला वेबसाइटवर जायचं कारणच उरत नाही. फोनवर गिऱ्हाईक तुम्हाला काय विचारतं ते आठवा : ही खरी वायगावचीच कशावरून, रंग मिसळला नाही कशावरून, बाजारापेक्षा महाग काऊन? हेच तुमचे व्हिडिओ. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर पावडर टाका, शुद्ध हळद खाली बसते अन् पाणी फिकं पिवळं राहते, रंग मिसळलेली असली तर पाणी भडक पिवळं होते. ही तपासणी एफएसएसएआयनंच, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनंच, घरी करायला सांगितली आहे. एका मिनिटाचा व्हिडिओ होते अन् तो पाहणारी बाई पुढचा प्रश्न मनातच विचारते. त्या प्रश्नाचं उत्तर वेबसाइटच्या पानावर असलं पाहिजे : लॅबचा रिपोर्ट, हळद कोणत्या वावरातली, उकडली कधी, दळली कधी, पाव किलोचा भाव किती, पुण्याला पार्सलचा खर्च किती. वायगाव हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तिच्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, ६ टक्क्यांच्या वर असते म्हणून तिचं नाव आहे, हे लिहाच, पण तुमच्या मालाचा आकडा तुमच्या रिपोर्टमधलाच टाका. जीआयसाठी गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसेल तर ती आधी करून घ्या. एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर पानावर दिसू द्या, अनोळखी माणूस पैसे पाठवायच्या आधी तो शोधतो.

अन् व्हिडिओसोबत लिंक द्याल ती त्याच पानाची द्या, पहिल्या पानाची नाही. पाहुण्याला हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात उतरवून द्यायचं अन् घर तूच शोध म्हणायचं, असं ते होते.

'हळदीनं शुगर जाते, कॅन्सर बरा होते' असलं मात्र टाकू नका. शेअर भरपूर होईल, पण ते खरं नाही, कोणी औषध बंद करून बसलं तर जीवाशी येईल, अन् खाण्याच्या वस्तूवर रोग बरा करायचा दावा कायद्यातही बसत नाही.

फोनवर ऑर्डर देणारे ओळखीचे लोक तर सोनं आहेत हो. त्यांना व्हॉट्सॲप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये घ्या, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच मेसेज जाते, म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाका की ताई नंबर सेव्ह करून ठेवा. नवी हळद दळून झाली की पानाची लिंक पाठवा. लोक वर्षाची हळद उन्हाळ्यात भरतात, म्हणून काढणीपासूनच दाखवत चला : खणणं, उकडणं, वाळवणं, पॉलिश. अन् पुतण्याला सांगा, दर ठिकाणच्या लिंकेला वेगळी यूटीएम शेपटी, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, लावून दे, नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेले बरेचसे लोक वेबसाइटवरची येजा मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये 'डायरेक्ट' म्हणून दिसतात अन् कोणत्या मेहनतीनं कोण आलं ते समजतच नाही.

प्रश्न : फेसबुक पेजवर चांगले फॉलोअर आहेत, मग वेबसाइटचा खर्च कायले करायचा?
– एक वाचक, आर्वी

उत्तर : जून २०२० मध्ये टिकटॉक एका रात्रीत बंद झालं तेव्हा खेड्यापाड्यातल्या किती पोरापोरींचे फॉलोअर गेले ते पाहिलंच असेल. पेज दुसऱ्याच्या जागेवर आहे, अकाउंट हॅक झालं तरी तेच. साधी दोन-चार पानांची वेबसाइट पुरते.

प्रश्न : वरुडजवळ संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. एका एजन्सीवाल्यानं पैसे घेऊन पेजचे लाईक वाढवून दिले, पण वेबसाइटवर एकही शेतकरी आला नाही. आता फेसबुकला पैसे देऊन पोस्ट बूस्ट करू का?
– एक नर्सरीवाला, अमरावती जिल्हा

उत्तर : भाऊ, विकत घेतलेले लाईक कलम घेत नसतात, तो पैसा गेला समजा. बूस्ट करा, पण जी पोस्ट फुकटात लोकांना वेबसाइटवर आणून राहिली तिच्यावरच पैसे लावा. बूस्ट करताना उद्देश विचारते तिथं वेबसाइटवरच्या भेटी निवडा, लाईक नको. भागही मोजका ठेवा : अमरावती, नागपूर, वर्धा, अन् सीमेपलीकडचं पांढुर्णा, छिंदवाडा, तिकडंही संत्रा आहे, तिथल्यासाठी एक पोस्ट हिंदीत करा. लागवड पावसाळ्यात असते पण शेतकरी बुकिंगचा विचार आधीच करतो, जुलैत बूस्ट करून काही हाती लागणार नाही, मार्च-एप्रिलमध्ये करा.

पोस्टमध्ये शेतकऱ्याचं दुखणं घ्या. डिंक्या रोगानं झाडं गेलेला माणूस विचारते की खुंट, म्हणजे कलमाचं खालचं झाड, जंबेरीचा आहे का रंगपूर लाइमचा, त्याच्यावर संत्र्याचा डोळा जमिनीपासून किती उंच बांधला, डोळा घेतला तो मातृवृक्ष कोणता. हे सारं फोटोसकट वेबसाइटवर लिहा, अन् संत्रावाल्यांच्या ग्रुपमध्ये असा प्रश्न कोणी टाकला की आधी तिथंच दोन ओळीत नीट उत्तर द्या, मग खाली लिंक. नुसती लिंक फेकली तर ॲडमिन काढून टाकते. पानावर फोन अन् व्हॉट्सॲपचं बटन मोठं ठेवा, शेतकरी बोलल्याशिवाय बुकिंग देत नाही. फोटो हलके करून टाका अन् वावरात उभं राहून, रेंजची एकच काडी असताना, पान उघडते का ते पाहून घ्या.