'मुली ब्वान्जी'मधल्या मुली कोण?

प्रश्न असा आला आहे: "मुलाला मालावीत, लिलाँग्वेला नोकरी लागली आहे. आम्ही दोघं काही महिने त्याच्याकडे राहायला जाणार, म्हणून व्हिडिओ बघून चिचेवा शिकतोय. एक जण 'मुली ब्वान्जी' म्हणायला सांगतो, दुसरा 'उली ब्वान्जी', आणि सकाळी म्हणे 'म्वाजुका ब्वान्जी' म्हणतात. यातलं बरोबर कुठलं? आणि या मुली कोण?"

मुली कोणी नाहीत. 'मु' म्हणजे तुम्ही, 'ली' म्हणजे असणं आणि 'ब्वान्जी' म्हणजे कसं. 'तुम्ही कसे आहात?' एवढाच अर्थ. 'उली'तला 'उ' म्हणजे तू. तेव्हा दोन्ही बरोबर, फरक आपल्या तू-तुम्हीचाच. इंग्रजीतून शिकवणाऱ्यांना इथे एक परिच्छेद खर्च करावा लागतो. तुम्हाला तो वाचायची गरजच नाही. परक्या गावात नव्याने जाताय, तर सरसकट 'मु' धरा. लहान मुलांना 'उ' चालेल. 'इवे' (तू) हा शब्द कानावर पडेल, पण तो मोठ्या माणसाला उद्देशून वापरू नका, 'ए, तू रे' इतका तो टोचतो. 'इनु' (तुम्ही) म्हणा. उत्तर येईल 'न्दिली ब्विनो, काया इनु?' म्हणजे 'मी बरा आहे, आणि तुम्ही?' त्यावर तुम्हीही 'न्दिली ब्विनो, झिकोमो' म्हणायचं. झिकोमो म्हणजे धन्यवाद. हे सगळं झाल्याशिवाय कामाच्या गोष्टीला हात घालू नये. दुकानात शिरून थेट साखर मागणं तिथे उद्धटपणाच.

आदराचा हा मामला आणखी पुढे जातो, आणि माझ्या मते मराठी माणसाला चिचेवातली सगळ्यात मोठी सवलत इथेच मिळते. आपण 'मूल आलं' म्हणतो पण 'बाबा आले' म्हणतो. बाबा एकच, क्रियापद मात्र अनेकवचनी. चिचेवात 'म्वाना वाफिका' म्हणजे मूल पोचलं, आणि 'बाम्बो आफिका' म्हणजे वडील पोचले. 'वा' एकवचनाचं, 'आ' अनेकवचनाचं, आणि एकट्या वडिलांनाही तेच 'आ'. आज्ञार्थाचंही तसंच: 'खाला' म्हणजे बस, 'खालानी' म्हणजे बसा. शेवटचा 'नी' लावला की झाला आदर. अनोळखी बाईला 'मायी' किंवा 'अमायी' (आई), पुरुषाला 'बाम्बो' (बाबा), म्हाताऱ्या माणसाला 'अगोगो' (आजी-आजोबा) म्हणून हाक मारतात. आपल्याकडे भाजीवालीला मावशी म्हणतात, तसंच.

आता सकाळचं. 'म्वाजुका ब्वान्जी?' म्हणजे शब्दशः 'कसे उठलात?' त्यावर 'न्दाजुका ब्विनो', चांगला उठलो. दुपारी 'म्वास्वेरा ब्वान्जी?', दिवस कसा गेला? आणि 'न्दास्वेरा ब्विनो'. हे पाठ करायच्या आधी जरा आत डोकावा, कारण इथे आपली शाळेतली यण् संधी भेटते. 'आ' हे झालेल्या क्रियेचं चिन्ह. मु + आ = म्वा, उ + आ = वा. सु + आगत = स्वागत होतं, तस्संच. म्हणून तुम्हीला 'म्वाजुका' आणि तूला 'वाजुका'. मीच्या बाबतीत मात्र नियम मोडतो: न्दि + आ याचं 'न्द्या' व्हायला हवं होतं, पण 'इ' सरळ गळून 'न्दा' उरतं. हे एकदा कळलं की प्रत्येक क्रियापद वेगळं घोकावं लागत नाही.

उच्चार. 'म्वाजुका'तला ज हा 'जुना'तला, 'जीव'मधला नव्हे. रोमन लिपीत तो डी-झेड असा लिहितात आणि इंग्रजीभाषक तिथे अडखळतो, आपण नाही. 'ब्वान्जी'तला ज मात्र 'जीव'मधला. पी-एच दिसलं की तो ओठ मिटून म्हणायचा महाप्राण फ, 'फॅन'मधला नव्हे. 'फिरी' म्हणजे डोंगर. क-ख, त-थ, प-फ हा भेद त्या भाषेत खराच आहे. 'न्दि' म्हणताना आधी 'इ' लावू नका, 'इन्दिली' होतं. शेवटून दुसरं अक्षर किंचित लांबवलं की बोलणं बरंचसं तिथलं वाटू लागतं. सुरांचे चढउतार आहेत, ते ऐकून ऐकून येतील.

निरोपाची जोडी लक्षात ठेवायला हवी. जाणारा म्हणतो 'त्सालानी ब्विनो' (सुखाने राहा), राहणारा म्हणतो 'पितानी ब्विनो' (नीट जा). दारात उभं राहून 'ओदी!' म्हणायचं, आतून 'ओदीनी' आलं की शिरायचं. 'पेपानी' म्हणजे माफ करा, पण कोणी ठेचकाळलं, आजारी पडलं, तरी 'पेपानी'च म्हणतात. तुमची चूक नसताना कोणी तुमची माफी का मागतोय असं वाटून गोंधळू नका, ते 'अरेरे' आहे.

कळेनासं झालं की 'सिन्दिकुम्वा', म्हणजे मला समजत नाही. 'कुम्वा' या एकाच क्रियापदात ऐकणं, समजणं आणि जाणवणं तिन्ही येतं. भूक लागली तरी 'न्दिकुम्वा न्जाला'. आणि 'लांखुलानी पाङोनोपाङोनो', हळूहळू बोला. द्विरुक्तीही आपल्यासारखीच, आणि ङ तो 'वाङ्मय'मधला.

'चिचेवा'तला 'चि' भाषेचा. चेवा लोकांची ती चिचेवा, गोऱ्यांची (अझुंगुंची) ती चिझुंगु. 1968 पर्यंत मालावीत या भाषेला चिन्यान्जा म्हणत, राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या काळात नाव बदललं. न्यान्जा म्हणजे सरोवर. झांबियात अजून न्यान्जाच म्हणतात, आणि लुसाकाला गेलात तरी 'मुली ब्वान्जी' चालतं, बाकीची बोली बरीच वेगळी असली तरी.

बाजारात 'न्दि झिंगाती?' म्हणजे किती झाले? पैसा क्वाचात मोजतात. क्वाचा म्हणजे 'उजाडलं', आणि त्याचा शंभरावा भाग तांबाला, म्हणजे कोंबडा! आकडे मात्र आत्ताच पाठ करू नका. पाचाच्या पुढे 'पाच आणि एक', 'पाच आणि दोन' अशी लांबड लागते, आणि किमती बहुतेक जण इंग्रजी आकड्यांतच सांगतात.